भिंतीतला पाइप

होळी झाली की केडगावच्या पुढच्या प्लॉटांवर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. एक गाडी रॉड घेऊन, दुसरी कंप्रेसर घेऊन. पासिंग दक्षिणेकडचं, काचेवर देवाचं नाव इथल्या कुणाला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. अरुंद गल्लीत मागं घेताना कुणाच्या तरी कंपाउंडचा कोपरा उडतो, थोडी बाचाबाची होते, मग मनोरा उभा राहतो आणि आवाज सुरू होतो. हा आवाज आधी तळपायाला कळतो, मग फळीवरच्या कपबशांना. कानाला शेवटी.

आवाजामागून भुकटी येते. खडकाची, पांढरट राखाडी. ती दोरीवरच्या कपड्यांवर बसते, कढीपत्त्यावर बसते, गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर बसते. या दिवसांत गल्लीतल्या कुठल्याही घरचा टॉवेल झटकावा. वारा कुठून आला आणि बोअर कुणाकडं चाललंय, दोन्ही कळतं.

यंदा अक्काकडं गेलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कपबशा वाजल्या. अक्का साबुदाण्याचे पापड घालत होती. तिचा पळीचा हात थांबला.

"कुणाकडं रं?"

"कोपऱ्यावरच्या प्लॉटात," मी फाटकातून बघून सांगितलं.

"म्हंजी मंदाच्या पल्याड."

ती प्रश्न विचारत नव्हती. पळी पातेल्यात ठेवून ती शेजारच्या मंदाकडच्या कंपाउंडच्या भिंतीकडं बघत राहिली. त्या भिंतीत तळाशी एका विटेएवढं भोक आहे आणि त्या भोकातून काळा पाइप येतो.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर उमेद गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बातम्या पाठ असतात. गावांची नावं फिरतात, वाक्यं तीच. 'पाणीपातळी खालावली' हे वाक्य दर वर्षी तपासून, काना-मात्रा नीट करून पुढं सोडलं जातं. पातळी खालावते तेव्हा एका घरात नेमकं काय होतं, हे त्या वाक्यात बसत नाही. ते तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अक्काच्या घरी बघायला मिळालं.

*

दाजी भिंगारला लष्कराच्या एका डेपोत नोकरीला होते. वर्दी नाही, स्टोअरमधलं काम. राहायला क्वार्टर्स. क्वार्टर्सना पाणी ठरलेल्या वेळेला यायचं आणि न ठरलेल्या वेळेला जायचं. सगळी नोकरी दाजींनी साबण लावलेल्या अंगानं नळाकडं बघत काढली, असं अक्का म्हणते. निवृत्तीनंतर केडगावच्या पुढं, पुणे रस्त्यापासून बरंच आत, त्यांनी प्लॉट घेतला. तिथं नळाची लाइन आलेली नव्हती. ज्याचं त्याचं बोअर. घर कसं असावं याबद्दल दाजींचं एकच मत होतं: नळ सोडला की पाणी आलं पाहिजे. बाकी ओटा कुठं, देवघर कुठं, खिडक्या किती, हे सगळं अक्कानं ठरवलं.

बोअरला पाणी चांगलं लागलं. पहिल्या दिवशी मोटर सोडली तेव्हा दाजींनी घरातले सगळे नळ एकदम उघडले आणि मधल्या खोलीत खुर्ची टाकून ऐकत बसले. अक्का ओरडत होती, टाकी रिकामी होईल. "होऊ दे," ते म्हणाले, "परत भरता येते, तेवढ्यासाठीच तर घेतलंय." त्यानंतर रोज सकाळी स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचा मान त्यांचा. दुसऱ्या कुणी दाबलं तर दिवसभर धुसफूस.

पाणी जरा जड होतं. डाळ शिजायला वेळ लागायचा, घासलेल्या भांड्यांवर पांढरे ठिपके उमटायचे. पण उन्हाळ्यात ते गार आणि थंडीत कोमट यायचं आणि त्याचं श्रेय दाजी स्वतःकडं घ्यायचे.

शेजारचा प्लॉट विष्णूनं घेतला. एमआयडीसीतला माल टेम्पोतून पोचवणारा. तो आणि त्याची बायको मंदा दोघंही पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले, कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत वाढलेले. त्यांचं बांधकाम निघालं तेव्हा भिंतींवर मारायला पाणी हवं होतं. दाजींनी स्वतः छिन्नी घेऊन कंपाउंडच्या भिंतीतली तळाची एक वीट काढली आणि काळा पाइप पलीकडं सरकवला. बांधकाम झालं. वास्तुशांत झाली. भोक बुजवायचं कुणाला सुचलं नाही. त्या पाइपातून मंदाची टाकी भरायची, आणि ती भरणं हा दोन घरांचा रोजचा कार्यक्रम होता.

"काकू, सोडा की! का झोप लागली परत?"

"चहा घेतीय भवाने, दम धर की जरा."

"चहा प्या, पर बटन दाबून प्या!"

"तुझ्या बापाची मोटर हाय व्हय गं?"

"बापाची न्हाई, काकाची हाय. काका, दाबा वो बटन, काकूचं नका ऐकू!"

मग दाजी उठायचे. पाइप एकदा झटका खायचा, फुगायचा. पलीकडून आवाज यायचा: "आलं!" हा शब्द इतक्या मोठ्यानं ओरडायचं कारण नव्हतं. पण मंदा रोज तेवढ्याच मोठ्यानं ओरडायची.

गव्हाच्या कुरडयांना पाणी लई लागतं. गहू भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, चीक धुवायचा, निवळी काढायची. अक्का दोन्ही घरांच्या कुरडया एकदम करायची, मंदा चीक हाटायला यायची आणि दोघींची भांडणं पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जायची. पाणी भरपूर आहे याची ती सगळ्यात सोपी खूण होती: कुरडया आणि भांडण.

*

अक्काचं माहेर, म्हणजे आमचं घर, काष्टीचं. तिथं विहीर होती, चुलत्यांत सामाईक. पाळ्या होत्या, पाळ्यांवरून भांडणं होती, एकदा तर कुऱ्हाड निघाली होती. पण विहीर दिसायची. काठावर वाकलं की पाणी कुठवर आहे ते भांडणाऱ्या दोघांनाही दिसायचं. कुणी जास्त उपसलं तर कडेच्या दगडावर ओली रेघ राहायची.

बोअरला आत नसतं. असतं, पण आपल्यासाठी नसतं. वीतभर तोंड, त्यावर झाकण, झाकणातून बाहेर आलेला पाइप आणि वायर. खाली काय आहे याचा अंदाज घरातली माणसं मोटरच्या आवाजावरून करतात. डॉक्टर नसलेल्या गावात बाई पोराच्या कपाळाला हात लावून ताप ओळखते, तसा. आणि मोजणीवाला जमिनीत खुणेचा दगड रोवतो तो हातभर खोल. त्याच्या खाली कुणाचा प्लॉट नंबर चालत नाही.

त्या वर्षी शिमग्याच्या आसपास अक्काच्या मोटरचा आवाज बदलला. बटण दाबलं की आधी नुसती हवा, मग फुरफुर, मग पाणी. मध्येच परत हवा. दाजी म्हणायचे, म्हातारी झालीय, दमा लागलाय. अक्कानं पलीकडच्या पाइपाचं पाणी कमी केलं नाही. स्वतःचे कपडे एक दिवसाआड धुवायला लागली. ती कुणाला बोलली नाही, पण दोरी दिसतेच. मंदानं एक दिवस भिंतीवरून डोकं वर काढून अक्काची मोकळी दोरी पाहिली आणि त्याच संध्याकाळी विष्णूला सांगितलं, आपलं बोअर घ्यायचं.

पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं आहे. कुणाच्या हावेत नाही, कुणाच्या खोडीत नाही. शेजारणीच्या दोरीवर कपडे कमी आहेत हे एका बाईच्या लक्षात आलं, एवढ्यातच.

अक्का म्हणाली होती, "काय नडलंय का तुझं? हाय ते दोघी मिळून वापरू."

"तुमचं काय न्हाई वो काकू. तुमी देताच. पर कारखान्यावर हुतो तवा दुसऱ्याच्या मोटरीचं पानी, हितं आलो तरी दुसऱ्याच्याच. एकदा मला बी आपल्या बटनाचं पानी बगू द्या की."

दाजी खुर्चीवरून ऐकत होते. ते मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तिचं." हे त्यांच्याइतकं कुणाला समजणार?

*

पाणी बघायला श्रीगोंद्याकडून एक माणूस आला. पांढरी टोपी, हातात सोललेला नारळ, शेंडी तेवढी ठेवलेली. वहाणा काढून, तळहातावर नारळ आडवा ठेवून तो मंदाच्या प्लॉटात फिरू लागला. विष्णू मागं मागं. नारळ भिंतीजवळ आला की तळहातावर उभा राहायचा. परत फिरायचा, परत तिथंच उभा.

"पर वास्तूवाल्यानं ईशान्य सांगितलीय," विष्णू म्हणाला.

"पानी काय वास्तू बगून व्हातं का?"

भिंतीपलीकडून दाजींनी आवाज दिला. "अहो, बरोबर इकडच्या बाजूला माझं बोअर आहे. तिथं पाणी असणारच की!"

त्या माणसाचा चेहरा उजळला. तो विष्णूकडं वळून म्हणाला, "बगा! भिंतीपल्याडचं मला दिसत हुतं का? तरी नारळ उभा ऱ्हायला. म्हंजी जागा एकदम पक्की."

सगळे हसले. दाजी सगळ्यात जास्त हसले. आपलं बोअर साक्षीला उभं राहिलं याचं त्यांना कौतुकही वाटलं असावं. भिंतीच्या दोन्ही अंगांना शहाणी माणसं उभी होती. तिथं पाणी आहे कारण ते आधीच कुणीतरी उपसतंय, हे वाक्य त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तरी फरक पडला असता का, सांगता येत नाही. त्या भागात प्रत्येक नवं बोअर असंच ठरतं. जिथं शेजाऱ्याला लागलं, तिथं आपल्याला लागेल.

विष्णू रीतीचा माणूस. भिंतीपाशी येऊन त्यानं विचारलं, "काका, तुमची काय हरकत न्हाई ना?"

"तुझी जागा, तुझं पाणी," दाजी म्हणाले.

*

गाडी भल्या सकाळी आली. दुपारपर्यंत मुरूम, मग काळा पाषाण, मग लाल पट्टा, परत काळा. दोन्ही घरांच्या खिडक्या लावून घेतलेल्या. तरी भुकटी आत आली, देव्हाऱ्यातले देव एकसारखे दिसू लागले. मंदा पदरानं तोंड बांधून भोकाकडं डोळे लावून बसली होती. बाहेर पडते ती भुकटी कोरडी आहे की ओली, एवढंच तिला बघायचं होतं.

आणि मग गंमत झाली. त्या वेळी ती गंमतच वाटली.

अक्काच्या बोअरच्या झाकणाच्या फटीत दाजींनी पाली-झुरळं जाऊ नयेत म्हणून चिंध्या कोंबल्या होत्या. त्या चिंध्या एकाएकी उडाल्या. झाकण खडखडलं. आतून शिट्टीसारखा आवाज आला, वाढत गेला, आणि फटीतून पाणी उसळलं. पांढरं, फेसाळ, दारातल्या लिंबाच्या झाडाच्या उंचीचं. अक्का उंबऱ्यात होती. ती किंचाळली, मग हात जोडले.

मंदा स्टुलावर चढून भिंतीवरून ओणवली. "काकू! तुमच्या बोअरला गंगा आली वो! हळद-कुक्कू आना!"

अर्धी गल्ली गोळा झाली. कुणी मोबाईल वर धरले. अक्कानं ताट आणलं, उसळत्या पाण्यावर लांबूनच हळद-कुंकू टाकलं, नारळ फोडला, हिरवा खण वाहिला. खण पाण्यानं वर उडाला आणि लिंबाच्या फांदीला अडकला. त्यावरही लोक हसले. गाडीवरचा एक कामगार भिंतीवर चढून बघत होता. तो हातानं झाका-झाका अशी खूण करत "हवा, हवा" म्हणाला. अक्कानं त्याला पेढा दिला. त्यानं तो खाल्ला, आणखी एकदा "हवा" म्हणून पाहिलं, आणि कामावर परत गेला. त्याला तरी दुसरं काय करता येणार होतं?

थोड्याच वेळात पलीकडंही ओली भुकटी आली, मग चिखल, मग पाणी. विष्णूनं गाडीला गुलाल लावला. मंदा तोंडाचा पदर न सोडताच रडली. दोन्ही घरांत त्या दिवशी गोड झालं, भिंतीवरून वाट्या गेल्या आणि आल्या.

जेवताना दाजी म्हणाले, "तिनं बोअर घेतलं, तिला पाणी लागलं. आपल्याला कशामुळं आलं?"

"देवानं दिलेल्याला का म्हनून इचारत्यात का?" अक्का म्हणाली.

दाजींनी ताटातला भात चिवडला. स्टोअरमध्ये आयुष्य गेलेला माणूस. एका बाजूला माल वाढला तर दुसरीकडं तो कुठून कमी झाला, हे बघायची सवय. पण त्यांनी पुढचा घास घेतला.

*

पाणी पांढरं यायला लागलं. दुधात भरपूर पाणी घालावं तसं. अक्का बादल्या भरून ठेवायची, गाळ बसला की वरचं ओतून घ्यायची. तळाशी राहायचा तो चिकट थर बोटानं चोळला की पिठासारखा लागायचा. निवळेल, सगळे म्हणाले. नवीन पाणी आहे, निवळेल. मग मोटर नुसती घूं करून थांबू लागली. मग बटण दाबलं की स्टार्टर ताडकन पडून बंद होऊ लागला.

मोटर काढायला शब्बीरभाई आले. भिंगारचे, दाजींच्या जुन्या ओळखीतले. त्यांनी बोअरवर लोखंडी तिपाई उभी केली, साखळी लावली, ओढायला सुरुवात केली. पाइप हातभर वर आला आणि अडला. परत ओढलं. तिपाईचे पाय जमिनीत रुतले. साखळी ताणून वाजू लागली. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा एकदम हलकं झालं आणि दाजी आनंदानं "सुटली!" म्हणाले. वर आला तो तुटलेला पाइप. मोटर खालीच.

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाई कॅमेरा घेऊन आले. लांब वायरीच्या टोकाला मुठीएवढा दिवा आणि डोळा, इकडं पेटीत छोटासा पडदा. भर दुपार होती, उन्हात पडद्यावर काही दिसेना. अक्कानं पलंगावरची चादर आणली. त्या एका चादरीखाली आम्ही चार डोकी: अक्का, दाजी, मंदा आणि मी. बाहेरून शब्बीरभाई वायर सोडत होते. कुणाच्या तरी केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

आपल्या घराखाली काय आहे, हे अक्का आणि दाजी पहिल्यांदा बघत होते. केसिंगचा पाइप संपला. मग खडक. काळा, ओलसर, चकाकणारा, माशाच्या पाठीसारखा. मध्ये विटकरी पट्टा. परत काळा. दाजी देवळाच्या गाभाऱ्यात करतात तसा श्वास हळू करत होते.

मग एका बाजूला कातळात आडवी फट दिसली आणि फटीतून पाणी.

"काकू, ते बगा पानी!" मंदा कुजबुजली. "कसं नितळ हाय."

पाणी खडकावरून तिरकं उतरत होतं आणि खाली दगडमातीच्या ढिगात जिरत होतं. ढिगाखालून मोटरीच्या डोक्याचा तुकडा दिसत होता.

"शब्बीरभाई," अक्का चादरीतून ओरडली, "मोटर दिसतीय की हितं! काढा की!"

"ताई, चंद्र पण दिसतो ना."

"मस्करी नका करू."

"मस्करी नाही ताई. त्यांच्या कंप्रेसरची हवा तुमच्या फटीतून घुसली. आतला सगळा कच्चा भाग पडला मोटरवर. आता दिसतंय, पण हाताला लागायचं नाही."

"आणि हे पाणी?" दाजींनी विचारलं. "हे चाललंय कुठं?"

चादरीच्या विणीतून शब्बीरभाईंचा हात दिसला. तो भिंतीकडं गेला.

मंदानं डोकं चादरीतून बाहेर काढलं. तिच्या जागेवरून उन्हाचा पट्टा आत आला आणि पडद्यावरचं सगळं दिसेनासं झालं.

*

नंतर जे जे करता येतं ते सगळं बोलून झालं. ढीग फोडून मोटर काढायचा प्रयत्न झाला, तो फसला. टँकर आणून पाहिला. कंपाउंडं उडवत रोज आत यायला टँकरवाला तयार नाही, आणि गल्लीच्या तोंडापासून पाइप पुरत नाही. राहिलं दुसरं बोअर. विष्णू स्वतः म्हणाला, "काका, तुमी दुसरीकडं घ्या, मी गाडी बोलावतो." अक्कानं नको म्हटलं. ती फट तिनं डोळ्यांनी पाहिली होती. "आपन घेतलं की तिचं जानार. मंग काय मिळवलं?"

अक्काचा मुलगा पिंपरीला असतो. त्याचा फोन रोजचा झाला. इकडं या, इथं फ्लॅटला नळाचं पाणी आहे. दाजी म्हणाले, ठरलेल्या वेळेला येणारं का? तो म्हणाला, हो, सकाळी. दाजींनी फोन अक्काकडं दिला. अक्कानं त्याला सांगितलं ते अजून सांगते: "मंदाचं पानी हाय तवर आमी हितंच."

तोच पाइप, तेच भोक. फक्त पाणी आता उलट्या बाजूनं येतं. मंदा रोज न चुकता सोडते, अक्काची टाकी आधी, स्वतःची नंतर. पण ओरडत नाही. भिंतीपाशी येते आणि हळू आवाजात म्हणते, "काकू, सोडू का? सवड हाय का तुमाला?"

अक्का म्हणते, "हो, सोड बाई. थोडंच सोड."

एवढंच. त्यात कुणाचा बाप येत नाही, चहा येत नाही. देणारीला ओरडता येत नाही आणि घेणारीला भांडता येत नाही. अक्का एकदा सहज बोलल्यासारखी म्हणाली होती, "मंदा माझ्याशी भांडत न्हाई रं आता." आणि लगेच काहीतरी दुसरं काढलं.

कुरडया बंद झाल्या. साबुदाण्याच्या पापडांना पाणी कमी लागतं. दाजी सकाळी उठून अजून स्टार्टरपाशी जातात, फडक्यानं तो पुसतात. लिंबाला अडकलेला हिरवा खण उन्हानं पांढरा पडला तरी कुणी काढला नाही. आता नुसता धागा आहे. बोअरच्या तोंडावर फरशी ठेवलीय आणि फरशीवर तुळशीची कुंडी. येणाऱ्याला वाटतं, हौसेनं बांधलेलं वृंदावन आहे.

दोष कुणाचा, हा बातमीदाराचा प्रश्न. अंकात रकाना असतो, त्यात कुणाचं तरी नाव लागतं. मंदानं अक्काची काळजी केली. विष्णूनं परवानगी विचारली. दाजींनी दिली. गाडीवाल्यानं खूण केली. ही सगळी वाक्यं खरी आहेत, आणि ती एकाखाली एक मांडली तरी खाली बेरीज येत नाही.

*

तर यंदाचा हा आवाज. कोपऱ्यावरचा प्लॉट शाळेत नोकरीला असलेल्या एका जोडप्यानं घेतलाय. चांगली माणसं. आठवड्यापूर्वी दोघं मंदाकडं विचारायला गेली होती, आमच्या बोअरनं तुम्हाला काही अडचण नाही ना. हे मंदानंच अक्काला सांगितलं.

"मंग तू काय म्हनलीस?"

"काय म्हननार काकू? तुमची जागा, तुमचं पानी."

दाजींनी हे ऐकलं आणि आत जाऊन रेडिओ लावला.

आवाज सुरू होऊन बराच वेळ झाला होता. भुकटी पापडांवर बसू लागली तशी अक्कानं पापडांवर जुनी साडी पांघरली. मग ती भिंतीपाशी गेली. दाजींचं जुनं स्टूल होतं त्यावर चढली. गुडघे दुखत असतानाही चढली. मी मागून हात धरून उभा राहिलो.

पलीकडं मंदा तिच्या बोअरजवळ उकिडवी बसली होती. झाकणावर तळहात ठेवून. ताप बघावा तशी. तिनं वर पाहिलं.

"काकू, हलतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात झाकण खडखडलं. फटीतून आधी हवेचा फूत्कार, मग पाण्याचा शिंतोडा. गल्लीतून कुणीतरी नवं माणूस कौतुकानं ओरडलं, "ओ ताई, तुमच्या बोअरला पाणी उसळलं! नारळ आणा, नारळ!"

मंदा उठली नाही. ती अक्काकडं बघत होती आणि अक्का तिच्याकडं.

"बघत काय बसलीस?" अक्का भिंतीवरून ओरडली. इतक्या मोठ्यानं की माझ्या हातातला तिचा हात हलला. "मोटर चालू कर! टाकी भरून घे, हंडे भर, पिंप भर, भांडी भर सगळी!"

"आदी तुमचा पाइप लावा टाकीला!"

"माझं राहू दे! तुझं भर आदी!"

"गप बसा वो काकू! वाद नका घालू, पाइप धरा!"

"अगं, कळतंय का तुला, किती वेळ येनार हाय ते—"

"मला कळतंय! तुमालाच कळंना! काका, ओ काका, धरा वो पाइप, काकूचं नका ऐकू!"

दाजी बाहेर आले होते. रेडिओ आत तसाच चालू होता. त्यांनी भिंतीच्या भोकाशी वाकून पाइपाचं टोक उचललं आणि ते टाकीत न सोडता तसंच हातात धरून उभे राहिले. अक्का स्टुलावरून, मंदा पलीकडून, दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. तीन वर्षांत ऐकू आला नव्हता तो आवाज पार कोपऱ्यापर्यंत जात असणार. गाडीच्या आवाजात किती पोचला, कोण जाणे.

पलीकडं बटण दाबलं गेलं. पाइपानं झटका खाल्ला, फुगला.

"आलं का?" मंदानं विचारलं.

दाजींनी दुसऱ्या हाताची ओंजळ पुढं केली. पाणी ओंजळीत पडलं, बोटांतून खाली गेलं. त्यांनी हात अक्काला दिसेल असा वर धरला.

पाणी पांढरं होतं.

"आलं," अक्का भिंतीवरून म्हणाली.